व्हीएस कोड घ्यायचा का? आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं. कोथरूडला आमचं छोटं ऑफिस आहे, ११ माणसं, हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर करतो. शनिवारी सकाळी आजूबाजूच्या कॉलेजची पोरं प्रोजेक्टच्या अडचणी घेऊन येतात. मधे सगळ्या टीमने एकच एडिटर (कोड लिहायचं टूल, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड) वापरायचा की ज्याला जे हवं ते, यावर आमच्यात चांगलं तीन आठवडे भांडण चाललं, आणि तेव्हापासून टीममधले, पोरं, एक-दोन क्लायंट, अगदी शेजारच्या ऑफिसातले सीए सुद्धा तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, आता कोणी विचारलं की लिंक पाठवणार.

ओपन सोर्स आहे ना, मग वाद कसला?

अर्धं खरं आहे. मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड एप्रिल २०१५ मधे दाखवला आणि नोव्हेंबरमधे सोर्स गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकला, लायसन्स एमआयटी, म्हणजे घ्या, बदला, विका, फक्त कॉपीराइटचा मजकूर तेवढा ठेवा. पण साइटवरून आपण जो इन्स्टॉलर उतरवतो तो नुसता त्या सोर्सचा नसतो. त्यात कंपनीचं नाव, लोगो, टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणारी सोय) आणि एक्स्टेन्शनच्या (एडिटरला जोडायच्या जादा सोयींच्या) मार्केटप्लेसचा पत्ता घातलेला असतो आणि त्या तयार मालाला वेगळं लायसन्स आहे, एमआयटी नाही.

पोरांना मी असं सांगतो. समजा एका अमृततुल्यवाल्याने चहाची रेसिपी भिंतीवर लिहून ठेवलीय, आलं किती वेलदोडा किती सगळं, जा घरी आणि करा. पण त्याची पाटी तुम्ही तुमच्या दुकानावर लावायची नाही, आणि बरणीतला क्रीमरोल हवा असेल तर तो त्याच्याच बाकावर बसून खायचा, घरी न्यायचा नाही. आता गंमत अशी की गिऱ्हाईक क्रीमरोलसाठीच येतंय.

क्रीमरोल म्हणजे नेमकं काय?

एक्स्टेन्शन. नुसता व्हीएस कोड म्हणजे बरा एडिटर, बास, जीव एक्स्टेन्शनमधे आहे. पायथनसाठी पायलान्स, सी++ चं एक्स्टेन्शन, लांबच्या सर्व्हरवर काम करायला रिमोट एसएसएच, ही तिन्ही कंपनीची आहेत, फुकट आहेत, पण पूर्ण उघडी नाहीत आणि त्यांच्या अटींमधे ती कंपनीच्याच प्रॉडक्टबरोबर वापरायची असं लिहिलंय. मार्केटप्लेसच्या अटीही तशाच, म्हणजे तुम्ही एमआयटी सोर्स घेऊन स्वतःचा एडिटर बांधलात तरी त्या दुकानात त्याला प्रवेश नाही.

बरीच वर्षं ही अट कागदावरच होती आणि कोणी मनावर घेत नव्हतं. मग कर्सर, विंडसर्फ हे एआयवाले एडिटर आले, दोन्ही व्हीएस कोडच्याच सोर्सवर उभे, आणि एप्रिल २०२५ मधे सी++ चं एक्स्टेन्शन अशा फोर्कमधे, म्हणजे त्याच सोर्समधून वेगळ्या काढलेल्या एडिटरमधे, चालायचं बंद झालं. एका अपडेटमधे. कायद्याने कंपनी बरोबरच होती, अट आधीपासून लिहिलेली होतीच, पण सकाळी मशीन उघडल्यावर काम अडलेल्या माणसाला त्याचं काय.

फुकट देऊन त्यांना काय मिळतं?

रोज सकाळी नऊला तुमच्यासमोर जी खिडकी उघडते ती त्यांची असते, याच्याइतकी महाग जागा जाहिरातीत मिळत नाही. गिटहब त्यांनी २०१८ मधे साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. कोपायलटचे, म्हणजे कोड सुचवणाऱ्या एआयचे, महिन्याला पैसे घेतात. अझुर, म्हणजे भाड्याने सर्व्हर, तर आहेच, खरा धंदा तिथे. एडिटर फुकट असला की कोड लिहिणारे वाढतात, कोड वाढला की तो कुठेतरी ठेवायला लागतो, चालवायला लागतो, आणि 'कुठेतरी'चं बटन त्याच खिडकीत डावीकडे असतं. २०१६ ला जिओचं सिम फुकट घ्यायला आपण लायनीत उभे होतो तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की हे फुकट का देतायत, आणि ते सिम घेऊन आपलं वाईट झालं असंही नाही. तसंच हे. देणारा धर्मादाय नाही एवढं डोक्यात ठेवायचं, रागवायचं कारण नाही.

हे असं पहिल्यांदाच होतंय का?

छे! आम्ही कॉलेजात होतो तेव्हा हेच भांडण एक्लिप्स या जावाच्या एडिटरवरून होतं. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मधे एक्लिप्स उघडं केलं, ४ कोटी डॉलरचा कोड देतोय असं सांगितलं, आणि जावा तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्सची होती, त्यामुळे सूर्याला ग्रहण लावायला आलेत असा विनोद सगळीकडे. समोर सनचं नेटबीन्स. होस्टेलवर दोन पार्ट्या होत्या, एका पार्टीचं म्हणणं आयबीएम आज देतेय उद्या काढून घेईल, दुसरीचं म्हणणं अरे पण ऑटोकम्प्लिट बघ की.

कोण बरोबर ठरलं? एक्लिप्सचं २००४ मधे स्वतंत्र फाउंडेशन झालं आणि ते अजून आहे. नेटबीन्सची कथा जास्त मजेदार आहे, १९९६ ला प्रागच्या चार्ल्स युनिव्हर्सिटीतल्या पोरांचा प्रोजेक्ट, १९९९ ला सनने घेतला, २००० ला उघडा केला, २०१० ला सनच ओरॅकलच्या घरात गेली आणि २०१६ ला ओरॅकलने नेटबीन्स अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. मालक एवढे बदलले तरी मेलं नाही, कारण सोर्स उघडा होता. पण लोक निघून गेले हेही तितकंच खरं. म्हणजे आम्ही होस्टेलवर ज्याची भीती घालत होतो ते झालंच नाही, कोणी काढून घेतलं नाही, नुसतं लक्ष काढून घेतलं. टूल अशानेच मरतं.

आणि एक बघा, एक्लिप्सची जावाची टूल्स ज्या एरिक गामाच्या हाताखाली तयार झाली, तोच माणूस २०११ मधे मायक्रोसॉफ्टला गेला आणि व्हीएस कोड त्याच्याच टीमने केला. कंपनी बदलली, माणूस तोच.

चालू टूल एकदम बंद केल्याचं उदाहरण आहे?

ॲटम. गिटहबचा एडिटर, उघडा, पोरांचा लाडका. इलेक्ट्रॉन, ज्याच्यावर व्हीएस कोड आज उभा आहे, ते मुळात ॲटमसाठी केलं होतं. गिटहब मायक्रोसॉफ्टकडे गेलं, एका घरात दोन एडिटर झाले, जून २०२२ मधे ॲटम बंद करतोय असं जाहीर झालं आणि १५ डिसेंबरला रेपोला (कोडच्या साठ्याला) कुलूप. सोर्स अजून दिसतो, वाचा हवा तितका.

दुसरं उदाहरण ऑक्टोबर २०२१ चं. मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट ६ च्या तोंडावर कमांड लाइनवरचं हॉट रिलोड (चालू प्रोग्रॅम न थांबवता कोड बदलायची सोय) काढून ते फक्त व्हिज्युअल स्टुडिओ या त्यांच्या दुसऱ्या एडिटरमधे ठेवायचं ठरलं. ओपन सोर्स प्रोजेक्ट, आणि निर्णय कुठल्यातरी मीटिंगमधे. लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांत परत आणलं. यातून मी दोन गोष्टी घेतो, एक म्हणजे ते असं करू शकतात, आणि दुसरी म्हणजे ओरडलं तर ऐकतात, निदान जोपर्यंत ओरडणारे लाखांत आहेत तोपर्यंत.

फाउंडेशनकडे असलेलं टूल घेतलं तर सेफ ना?

जास्त सेफ, पण नावाकडे बघा. ओरॅकलने २०१७ मधे जावा ईई (कंपन्यांसाठीच्या मोठ्या जावा प्रोग्रॅमचा संच) एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं, कोड दिला, पण 'जावा' हे नाव दिलं नाही. म्हणून ते जकार्ता ईई झालं. पुढे जावाएक्स हे पॅकेजचं नाव वापरून नवं काही करायलाही परवानगी मिळेना, म्हणून जकार्ता ईई ९ मधे सगळ्या पॅकेजची नावं बदलली. स्प्रिंग बूट ३ (जावाचं एक फ्रेमवर्क) वर जाताना ज्यांनी इम्पोर्टच्या ओळीच्या ओळी बदलल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतोय. एक शब्द स्वतःकडे ठेवला आणि जगभर लोक फाइंड-रिप्लेस करत बसले.

बंद केलं किंवा पैसे मागितले तर फोर्क करू की!

कोण करणार? तू?

फोर्क म्हणजे वेगळी चूल मांडणं. मांडता येते, पण गॅस कोण भरणार ते आधी ठरवायचं. ओपनऑफिसमधून २०१० ला लिब्रेऑफिस निघालं आणि टिकलं. टेराफॉर्म या सर्व्हर मांडायच्या टूलचं लायसन्स ऑगस्ट २०२३ मधे बदललं तेव्हा ओपनटोफू निघालं, रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मधे बदललं तेव्हा वाल्की. पण या शेवटच्या दोघांच्या मागे लिनक्स फाउंडेशन आणि पगार देणाऱ्या चारपाच कंपन्या उभ्या होत्या. (रेडिस वर्षभराने एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय घेऊन परत आलं, तोवर बरेच लोक सरकले होते.) व्हीएस कोडच्या पोटात आख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे ते) आहे, त्याचे सिक्युरिटी पॅच सतत येतात, ते बांधून, तपासून, तीन ऑपरेटिंग सिस्टिमवर पोचवायचे. आमच्याकडे ११ जण आहेत आणि मार्च एंडला सोसायट्यांची ऑडिट असतात.

मग व्हीएसकोडियम घ्यावं का?

चांगला पर्याय आहे. तोच एमआयटी सोर्स, कंपनीचा लोगो आणि टेलिमेट्रीची सोय काढून बांधलेला, एक्स्टेन्शन ओपन व्हीएसएक्सवरून येतात, जे एक्लिप्स फाउंडेशन चालवतं. वेब, पीएचपी, गो, रस्ट यात काम असेल तर फरक जाणवत नाही. पायलान्स आणि रिमोट एसएसएचवर हात बसलेला असेल तर पहिल्या आठवड्यात शिव्या द्याल. आमच्याकडे दोघंजण वापरतात, त्यातला एक तत्त्वासाठी आणि एक त्याच्या नादाने.

टेलिमेट्रीने आमचा कोड चोरतात का हो?

नाही, टेलिमेट्री म्हणजे तुमच्या फायली नव्हेत, वापराची आणि क्रॅशची माहिती जाते. सेटिंगमधे टेलिमेट्री शोधा, लेव्हल ऑफ करा. एक्स्टेन्शनवाल्यांचं आपलं वेगळं असू शकतं, तिथे हे बटन पुरेलच असं नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटते, कारण एक्स्टेन्शन तुमच्या युजरच्या सगळ्या परवानग्यांनी चालतं, म्हणजे जी फाइल तुम्ही उघडू शकता ती तेही उघडू शकतं. थीम छान दिसते म्हणून कुणाचंही उचलून टाकायचं नाही. आमच्याकडे नऊ एक्स्टेन्शनची यादी आहे, दहावं हवं असेल तर जेवताना विषय काढायचा.

८ जीबी रॅमवर चालेल?

चालेल. क्रोमचे तीस टॅब उघडे ठेवून विचारू नका फक्त.

सोर्स उघडा असल्याचा तुम्हाला स्वतःला कधी उपयोग झाला का, की नुसतं बोलायला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आमच्या शेजारच्या सीएंनी विचारला. एकदा झाला, आणि तो फक्त मराठीत काम करणाऱ्यालाच होऊ शकतो.

आमच्या पावत्या मराठीत निघतात. 'दुसऱ्या तिमाहीची थकबाकी' वगैरे. आमच्या टीममधल्या ताई जुन्या कीबोर्डच्या सवयीने 'ऱ्या' काढताना साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं अक्षर, मग या, असं टाइप करतात, आणि एडिटर त्या शब्दात बरोब्बर त्या जागी पिवळी चौकट काढायचा. 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांचा', 'पायऱ्या', सगळीकडे चौकटी, फाइल बघितली तर पुरळ उठल्यासारखी. आम्हाला वाटलं आमचाच एन्कोडिंगचा घोळ आहे, दोन दिवस तो शोधला.

मग एकाने गिटहबवर सोर्स उघडला. २०२१ मधे न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून कोडमधे फसवणूक करता येते हे लोकांच्या लक्षात आलं होतं, म्हणून अशा अक्षरांभोवती चौकट काढायची सोय केली होती आणि त्या अक्षरांची यादीच आकड्यांत लिहिलेली आहे. त्यात ८२०५. म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे ताईंचं ते न दिसणारं अक्षर. परदेशातल्या माणसाला जे संशयास्पद ते आपल्याकडे शुद्धलेखन! पण चौकट बरोबर कामाची निघाली, कारण पावतीच्या सर्चमधे 'दुसऱ्या' कधी सापडायचं आणि कधी नाही ते कोडं त्यामुळेच सुटलं, दोन जण दोन पद्धतीने टाइप करत होते. आता सगळे नुक्तावाला ऱ वापरतात. सोर्स बंद असता तर आम्ही सेटिंग ऑफ करून पुढे गेलो असतो आणि सर्चचा बग अजून तिथेच असता.

टीममधे एकाला विम हा जुना एडिटरच पाहिजे, त्याचं काय करायचं?

वापरू दे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मधे रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांना बरोबर घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल उघडा केला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात आपल्याला खरोखर मिळालेली गोष्ट ही आहे, एडिटर नाही. आधी काय होतं, दहा एडिटर आणि दहा भाषा असल्या की शंभर जोड्या बसवायच्या, प्रत्येक एडिटरवाला जावासाठी वेगळं लिहिणार, पायथनसाठी वेगळं. आता भाषेवाल्याने एक सर्व्हर लिहायचा, एडिटरवाल्याने एक क्लायंट, दहा अधिक दहा वीस. विम, इमॅक्स सगळ्यांना जमतं, निओविममधे तर २०२१ च्या ०.५ पासून आतच आहे. त्यामुळे विमवाला आता म्हातारा हट्टी राहिलेला नाही, त्याला तीच डेफिनिशन, तेच एरर दिसतात.

सर, प्लेसमेंटसाठी व्हीएस कोड यायलाच पाहिजे का?

अरे, टूल नको शिकू रे, टूल आपोआप येतं. आमच्या कॉलेजात टर्बो सी होतं. निळा स्क्रीन, बोरलँडचं, पहिलं व्हर्जन १९८७ चं. ऑल्ट एफ९ कंपाइल, कंट्रोल एफ९ रन, वर क्लिअरस्क्रीन, खाली गेटच, नाहीतर आउटपुट दिसायच्या आत पळून जायचं. आम्हाला वाटायचं सी म्हणजेच हे. पहिल्या नोकरीत लिनक्सवर बसलो, कोनिओ डॉट एच लिहिलं, कंपायलर म्हणाला अशी फाइलच नाही, आणि मी सीनियरला जाऊन सांगितलं की तुमच्या मशीनवर सी नीट इन्स्टॉल झालेलं नाही. अजून भेटला की हसतो. आणि आज अजून पोरं येतात जी डॉसबॉक्समधे तोच निळा स्क्रीन उघडून प्रॅक्टिकल देऊन आलेली असतात.

व्हीएस कोडचंही तेच होऊ शकतं. हिरवं त्रिकोणी बटन दाबलं की चालतं, मागे कुठला कंपायलर, कुठले फ्लॅग, काय माहीत नाही.

बरं, तुमचं फायनल म्हणणं काय? घ्यायचा की नाही?

घ्या. आम्ही घेतलाय. अट एकच, एडिटर बंद ठेवून प्रोजेक्ट बांधता आला पाहिजे.

ही अट आम्ही पुस्तकातून नाही आणली. आमचा एक मुलगा सोडून गेला, चांगला मुलगा, बंगलोरला. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बाणेरच्या एका सोसायटीला रिलीज द्यायची होती, रविवारी त्यांची एजीएम. बिल्ड होईना. सहाला सुरू केलं, साडेनऊला कळलं की बिल्डच्या तीन पायऱ्या, त्यातली पीडीएफवाली सुद्धा, त्याच्या एडिटरच्या टास्क्सच्या फाइलमधे होत्या, त्याच्या लॅपटॉपवर, आणि आम्हीच शहाणपणा करून ते फोल्डर गिटमधून (टीमच्या सामायिक कोडसाठ्यातून) वगळलं होतं. लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या मुलीला दिलेला. त्याला फोन केला, तो बिचारा ट्रेनमधे, दौंडच्या पुढे रेंज नाही. रात्री दीडला आठवून आठवून मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहायची फाइल) लिहिली.

यात कुठल्याच कंपनीचा दोष नव्हता. कोणी लायसन्स बदललं नव्हतं, काही बंद केलं नव्हतं, आम्हीच आमचं काम एका बटनाच्या मागे ठेवून विसरलो होतो. मी तीन आठवडे मायक्रोसॉफ्ट उद्या काय करेल यावर भांडत होतो आणि अडकलो कुठे तर स्वतःच्या घरात.

तेव्हापासून बांधणं, टेस्ट, पावती काढणं सगळं मेकफाइलमधे. एडिटरने फक्त तिला हाक मारायची. मग व्हीएस कोड असो, व्हीएसकोडियम असो, विम असो, उद्या अजून काही येवो, बदलायला एक दिवस लागेल, फार तर दोन.

आणि हा नियम तुम्ही खरंच पाळता?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चिठ्ठी काढतो. ज्याचं नाव येईल त्याने कपाटातला जुना लॅपटॉप काढायचा, त्यावर एडिटर नाहीच, गिटवरून प्रोजेक्ट उतरवायचा आणि चहा यायच्या आत एक पावती छापून दाखवायची. मागच्या वेळी नव्या मुलीचं नाव आलं. तिने सगळं बरोबर केलं, पावती निघाली, पण त्यावर मराठीच्या जागी नुसत्या चौकोनी डब्या. तो फाँट रेपोमधे नव्हता, फक्त एका मशीनवर टाकलेला होता. माझ्या.